पंचाच्या दाताचा अहवाल

माझा वरचा पुढचा दात हलतो, हे मला पहिल्यांदा कळलं ते ऑफसाइड देताना. २००४ साल, फुटबॉलचा सीझन ऐन भरात, आणि मी मैदानाच्या मधोमध शिट्टी दातांत धरून उभा. लाइनमनचा झेंडा वर गेला, शिट्टी वाजली, खेळाडू थांबले आणि या गडबडीत माझा दातही जरासा पुढे सरकला. जिभेनं आत ढकलला तर गुमान जागेवर गेला. उरलेली चाळीस मिनिटं माझं लक्ष चेंडूकडे कमी आणि दाताकडे जास्त होतं. त्या दिवशी मी एक सरळसरळ पेनल्टी दिली नाही, अशी पिवळ्यांची तक्रार अजून आहे. तक्रार बरोबर आहे.

संघांची नावं मी सांगणार नाही. एक पिवळ्या जर्सीचा, एक तांबड्या जर्सीचा, दोन पेठांचे दोन संघ, एवढं पुरे. मला याच गावात राहायचंय आणि आमची भाजी एका पेठेतून येते, दूध दुसऱ्या पेठेतून.

एक गोष्ट मात्र समजून घ्या. सोमवार ते शनिवार मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या टाइम ऑफिसात बसतो. कोण उशिरा आलं ते लिहितो. मला तिथं कुणी भीत नाही. उशिरा येणारे माझ्याच टेबलावरचा चहा पिऊन आत जातात. पण रविवारी काळा शर्ट घालून शिट्टी तोंडात धरली की बावीस दांडगी पोरं माझ्याकडे बघून वागतात. अठरा वर्षं मी हे करत होतो आणि अठरा वर्षांत मला फायनल मिळाली नव्हती. त्या वर्षी यादीत नाव लागलं होतं: फायनल, मुख्य पंच, गणपतराव. दीड महिना राहिला होता. त्यामुळे दात हलल्यावर माझ्या मनात वेदनेचा विचार आला नाही, औषधाचा आला नाही. एकच आला, की हा फायनलपर्यंत टिकला पाहिजे.

तुम्ही म्हणाल, एक दात पडला तर काय आभाळ कोसळतं? कोसळतं. आमच्या संघटनेतल्या एका ज्येष्ठ पंचांच्या चड्डीची नाडी सत्त्याऐंशी साली कॉर्नर किकच्या वेळी सुटली. नाडी दोन सेकंदांत बांधली गेली. पण त्यांच्या मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेवर पाहुण्यांना ओळख पटावी म्हणून कंसात ‘नाडीवाले’ असं छापावं लागलं. दहा हजार लोकांसमोर शिट्टीबरोबर दात उडाला तर आमच्या घरच्या पत्रिकेत काय छापतील, या कल्पनेनं मला भर दुपारी टाइम ऑफिसात घाम फुटायचा.

शिट्टी दातांत न धरता नुसत्या ओठांत धरून बघितली. घरी, न्हाणीत, दार लावून. असा काही दबका आवाज निघाला की बायको, संयोगिता, स्वयंपाकघरात जाऊन गॅस बंद करून आली. कुकर लावलेलाच नव्हता हे तिच्या लक्षात आलं आणि तिथून माझं गुपित उघडं पडायला सुरुवात झाली. मी भाकरी रश्शात कुस्करून खातो, ऊस बघून तोंड फिरवतो, मटणातली नळी पुढं आली की ‘तूच घे’ म्हणतो, हे सगळं तिनं मनात जमा करून ठेवलं होतं. तिनं मला खिडकीपाशी उजेडात नेलं आणि म्हणाली, “आ करा.”

“अगं, काही नाही...”

“अवो, आ करा म्हंते न्हवं!”

मी आ केला. तिनं बोट लावलं. बोटाला रक्त लागलं. तिनं ते बोट माझ्या डोळ्यांसमोर धरलं.

इथं मला एक कबुली द्यायला हवी. ते रक्त मला दोन वर्षांपासून माहीत होतं. ब्रश लागला की यायचं. मी काय केलं? तिथं ब्रश लावणं बंद केलं. फाउंड्रीत जिथं गळतंय तिथं टोचायचं नाही, हे आम्ही रोज बघतो. ब्रशऐवजी मशेरी लावू लागलो, म्हणजे तव्यावर भाजून कुस्करलेली तंबाखू. आमच्या घरात आईनं लावली, आत्यानं लावली. मशेरी लावली की रक्त कमी व्हायचं आणि मला वाटायचं, रोग बरा होतोय. एवढा मी शहाणा.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या बयाबाई हजर. संयोगितानं सांगितलं नव्हतं म्हणे. भिंत पातळ आहे. बयाबाईंचा मुलगा वारणानगरला कॉलेजात कारकून आहे. तेवढ्या आधारावर विज्ञानाच्या बाबतीत आमच्या गल्लीत त्यांचाच शब्द शेवटचा.

“आगं, ही प्रतिकारशक्ती कमी झालीया,” त्या माझ्याकडे न बघता संयोगिताला म्हणाल्या. “अंगात ताकद न्हाय, मग दात तरी कशाच्या जिवावर हुबा ऱ्हाईल? काढा द्या. गुळवेल, अडुळसा, मिरी, हळद. रोज दोन टायमाला. फौज वाढली की दात खुट्ट करणार न्हाय.”

काढा सुरू झाला. त्याची चव सांगत नाही. तिसऱ्या दिवशी आमच्या कुत्र्यानं माझ्याकडे येणं सोडलं. शिवाय खारीक, शिवाय डिंकाचे लाडू, जे मला चावता येत नव्हते म्हणून दुधात भिजवून त्याची लापशी व्हायची. पंधरा दिवसांत माझं वजन दोन किलो वाढलं, चेहऱ्यावर तेज आलं, फाउंड्रीत लोक म्हणाले, “गणपतराव, काय बढती-बिढती झाली का?” आणि दात पूर्वी पुढे-मागे हलायचा, तो आता डावी-उजवीकडेही हलू लागला.

तेव्हा संयोगितानं मला दाताच्या डॉक्टरांकडे नेलं. नेलं हा शब्द सौम्य आहे. स्कूटर ती चालवत होती आणि प्रत्येक चौकात हळू झाल्यावर माझा पाय जमिनीला लागला की मागं वळून बघत होती. डॉक्टर संघप्रिया ही तिशीची मुलगी. तिचे वडील गोलकीपर होते, मी त्यांना एकदा पिवळं कार्ड दाखवलं होतं. खुर्चीत आडवा झाल्यावर मला तेवढंच आठवत राहिलं.

तिनं एक बारीक, खुणा केलेली सळई हिरडीत घातली आणि शेजारच्या बाईंना आकडे सांगू लागली. “सहा. सात. पाच. सात.” स्कोअर कुणाच्या बाजूनं लागतोय ते मला कळेना. मग एक्स-रे काढला, उजेडावर धरला आणि म्हणाली, “काका, हे बघा. इथवर हाड पाहिजे होतं. इथं आहे.”

दोन ठिकाणांमध्ये बोटभर नाही, पण नखभर अंतर होतं. माझ्या जबड्याचं हाड नखभर नाहीसं झालं होतं आणि मला कुणी कळवलं नव्हतं.

“कुणी खाल्लं?” मी विचारलं. “किडीनं?”

“कीड नाही. हिरडीखाली किटण साठलंय, त्यात जंतू आहेत. पण हाड त्यांनी नाही खाल्लं. तुमच्याच फौजेनं खाल्लं.”

“आमच्या?”

“तुमच्या प्रतिकारशक्तीनं. काका, तुम्ही पंच आहात ना? मैदानात एका पोरानं दुसऱ्याला ढकललं. दोन्हीकडनं पेठ उतरली खाली. ढकलणारा राहिला बाजूला. मग फुटतं काय?”

“खुर्च्या.”

“कुणाच्या?”

“आपल्याच.”

“तसंच. जंतू किटणात आडोशाला बसलेत, ते सापडत नाहीत. तुमच्या पांढऱ्या पेशी येतात, धिंगाणा घालतात, आणखी कुमक मागवतात. आता आपल्या अंगात हाड पाडणाऱ्या पेशी असतात आणि बांधणाऱ्याही असतात. एरवी दोघांचं काम सारखं चालतं. या दंग्यात पाडणाऱ्यांना सारखा निरोप जातो, पाडा, पाडा. बांधणारे मागं पडतात. दात उभा ज्या हाडात, तेच जातं.”

मग मी मला छळणारा प्रश्न विचारला.

“हे गुडघ्यापर्यंत येईल का?”

“नाही हो काका. दाताच्या भोवतीच.”

तिनं चार खेपांत हिरडीखालचं सगळं साफ करायचं ठरवलं, मशेरी त्या क्षणापासून बंद सांगितली आणि पुढच्या गुरुवारी बोलावलं. ती हे सांगत होती, पण माझ्या कानात एकच वाक्य घुमत होतं: तुमच्याच फौजेनं खाल्लं. आणि ती फौज मी पंधरा दिवस काढा, खारीक आणि डिंक घालून पोसली होती!

तुम्हीच सांगा, विचारी माणसानं काय करावं? मी फौज कमी करायला घेतली. काढा संडासात ओतला. पहाटे उठून गार पाण्यानं आंघोळ, ओल्या केसांनी पंख्याखाली बसणं, जेवण अर्धं. रंकाळ्यावर वारं खात फिरायचो, तेही बनियनवर. मनात हिशेब साधा होता: शिपाई अशक्त झाले की पाडकाम थंडावेल. चौथ्या दिवशी सर्दी, पाचव्या दिवशी ताप. गुरुवारी हिरडी अशी सुजली की वरचा ओठ पुढे आला. बयाबाईंनी भिंतीपलीकडून विचारलं, “काढा बंद केलाय काय वो? वास येईना झालाय!”

डॉक्टर संघप्रियानं सगळं ऐकून घेतलं. हसली नाही. तिला हसू न येणं मला बरं लक्षण वाटलं नाही.

“काका, हे कुणी सांगितलं तुम्हाला?”

“तुम्हीच.”

“मी फौज मारायला सांगितली? फौज नसली तर माणूस सर्दीनं जाईल. ज्याच्यासाठी फौज उतरलीय ते किटण काढायचं. ते गेलं की ती आपोआप घरी जाते. आणि रक्त दिसलं तेव्हा यायचं असतं. ती शिट्टी होती. तुम्ही तंबाखू लावून तिचं तोंड दाबलंत.”

साफसफाई सुरू झाली. ते मशीन हिरडीखाली गेलं की मला फाउंड्रीतलं ग्राइंडिंग आठवायचं आणि मी खुर्चीचा हात इतका आवळायचो की तिसऱ्या वेळी तो निघून आला. पण बाकीचे दात हळूहळू धरू लागले. रक्त थांबलं. पुढचा तो एक मात्र फार पुढं गेलेला. तिनं त्याला बारीक तारेनं शेजारच्या दोघांशी बांधून टाकला आणि बजावलं, “शिट्टी ओठांनी वाजवायची. चावलीत तर याची खात्री मी देणार नाही.”

ओठांची शिट्टी म्हणजे कुकर, हे मला माहीत होतं. म्हणून मी नाइलाजानं संघटनेकडे गेलो, की फायनलला दुसरा पंच बघा. अठरा वर्षांनी आलेली फायनल मी स्वतः परत द्यायला चाललो होतो. सचिव उदयसिंह यांनी ‘पंच असमर्थता अर्ज’ पुढे सरकवला. त्यात रकाने चार: गुडघा, घोटा, मांडी, डोळे.

“दात कुठं लिहू?” मी विचारलं.

“दातानं पळतोस व्हय रं?”

“शिट्टी...”

“शिट्टीचा रकाना न्हाय. फॉर्म छापून आलाय, आता काय त्याला ठिगळ लावू? आन् दुसरं, पर्यायी पंच कुठनं आणू? दोन्ही पेठांनी मान्य केलेला तू एकटा हाईस. दोघंबी तुझ्यावर सारखीच चिडून हाईत की!”

एवढा मोठा सन्मान मला त्याआधी कुणी दिला नव्हता. मी अर्ज घडी करून खिशात ठेवला.

फायनलच्या दिवशी मैदानात मुंगीला वाट नव्हती. झाडांवर माणसं, शेजारच्या गच्च्यांवर माणसं. संयोगिता महिलांच्या गॅलरीत. माझी जीभ सारखी तारेवर जात होती. तिसऱ्याच मिनिटाला तांबड्यांच्या बॅकनं पिवळ्यांच्या संग्रामला मागून लाथ घातली. संग्राम म्हणजे पिवळ्यांचा फॉरवर्ड, सहा फूट उंच, डोकं गरम. उघड फाउल. मी शिट्टी ओठांत धरून फुंकली. फुस्स झालं. कुणाला ऐकूसुद्धा गेलं नाही.

तेव्हा मी दातांत धरून पुन्हा वाजवायला हवी होती. मी भ्यालो. दोन्ही हात पुढं पसरून ‘खेळा, खेळा’ अशी खूण केली. लाउडस्पीकरवरचा निवेदक म्हणाला, “पंच आज खेळ वाहता ठेवत आहेत!” आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांनी माझा भित्रेपणा पक्का झाला. मग कोपर लागलं तरी खेळा. जर्सी ओढली तरी खेळा. हाफटाइमला मला एकानं सांगितलं की हा युरोपातला पंचगिरीचा प्रकार दिसतो.

उत्तरार्धात संग्रामनं त्या बॅकला परत दिली. बॅकच्या मदतीला दोघं आले, संग्रामच्या मदतीला चौघं. राखीव खेळाडू उठले. मग गॅलरीचं फाटक वाजलं आणि दोन्ही पेठा खाली उतरल्या. पहिली खुर्ची उडाली तेव्हा मला डॉक्टरीणबाईंचा एक्स-रे दिसला, खरंच सांगतो. सुरुवातीची लाथ मारणारा बॅक गोलपोस्टमागं पाणी पीत उभा होता. आपलीच माणसं आपल्याच खुर्च्या मोडत होती. तेवढ्यात संग्राम हात वर करून माझ्याकडे पळत आला, “सर, वाजवा की! सर, थांबवा हे!”

मी शिट्टी दातांत धरली, चावली, आणि अठरा वर्षांचा श्वास तीत घातला.

अशी शिट्टी त्या मैदानात वाजली नसेल. सगळं जागच्या जागी थांबलं. आणि त्या शांततेत माझा दात, तार तोडून, शिट्टीबरोबर तळहातावर आला. तोंडातून रक्त शर्टावर ओघळलं.

दहा हजार माणसांनी काय बघितलं? संग्रामचा उगारलेला हात आणि पंचाच्या तोंडातलं रक्त.

“पंचाला मारलं! पंचाला मारलं!”

पोलिसांनी संग्रामला दोन्हीकडून धरलं. उदयसिंह धावत आले आणि त्यांनी तिथंच सांगितलं, “आजन्म बंदी! केस घाला ह्याच्यावर!” मला कुणी खुर्ची दिली, कुणी पाणी दिलं. मघाशी मला शिव्या घालणारी माणसं म्हणत होती, “पंच असावा तर असा. दात दिला, पर मॅच सोडली न्हाय.” दात माझ्या मुठीत होता. मूठ उघडायची गरज नव्हती. गप्प बसलो की मी वीर होतो, जन्मभर. बोललो की नाडीवाल्यांच्या शेजारी.

“सर, सांगा की,” संग्राम म्हणत होता. एवढा सहा फुटी गडी, आवाज रडवेला झाला होता. “म्या हात बी लावला न्हाय. म्हैन्याभरात पोलीस भरती हाय माझी. केस झाली तर संपलंच की सर.”

मी किती वेळ गप्प होतो? संयोगिता म्हणते, अर्धं मिनिट. मला ते अर्धं मिनिट आजही आठवतं आणि आजही लाज वाटते. मग मी उठलो, निवेदकाच्या हातातून माइक घेतला.

“या पोरानं मला हात लावलेला नाही,” मी म्हणालो. पुढचा दात नसल्यामुळे शब्दांतून वारा जात होता आणि तो लाउडस्पीकरवर सगळ्या गच्च्यांपर्यंत पोचत होता. “मला हिरडीचा आजार आहे. दोन वर्षं रक्त येत होतं, मी मशेरी लावत बसलो. दात आधीच हलत होता. शिट्टी वाजवताना पडला. म्हणून मी पहिल्यापासून वाजवत नव्हतो. चूक माझी आहे. पोराला सोडा.”

मग वरच्या गॅलरीतून एक आवाज आला, “आरं तिच्या! दातासाठी गप हुता व्हय!”

आणि दहा हजार माणसं हसली. पिवळे हसले, तांबडे हसले, पोलीस हसले आणि हसता हसता त्यांचे हात संग्रामच्या दंडावरून सुटले. माणसं मोडक्या खुर्च्या उचलून जागेवर ठेवू लागली. मी मेल्याहून मेल्यासारखा उभा होतो, आणि जिवंत होतो, आणि उरलेली बावीस मिनिटं मी प्रत्येक फाउलला शिट्टी वाजवली. कोण जिंकलं ते सांगत नाही.

टोपणनाव पडलं. ते कुठल्याही रिक्षावाल्याला सांगा, तो तुम्हाला थेट माझ्या दारात आणून सोडेल. संग्राम पोलिसांत लागला. चौकात दिसला की सलाम ठोकतो आणि तोंडावर हात ठेवून हसतो. बाकीचे दात पक्के आहेत. दर सहा महिन्यांनी संघप्रियाकडे जातो, तिच्या खुर्चीचा हात तिनं आता बोल्ट लावून बसवलाय.

राहता राहिला अहवाल. दुसऱ्या दिवशी तो लिहायला संघटनेच्या ऑफिसात बसलो. फॉर्ममध्ये रकाना होता: ‘पंचास इजा झाल्यास मारणाऱ्याचे नाव.’ मी तो रिकामा सोडला.

उदयसिंह म्हणाले, “रिकामा चालत न्हाय. कमिटी परत पाठवती. कुणाचं तरी नाव पायजेच.”

दात कागदाच्या पुडीत टेबलावर होता. मी त्याच्याकडे बघितलं, पेन उचललं आणि लिहिलं: ‘पंच स्वतः.’ खाली ‘इजेचे कारण’ असा रकाना होता. तिथं लिहिलं: ‘वेळेवर शिट्टी वाजवली नाही.’

उदयसिंहांनी वाचलं, शिक्का मारला आणि फाइलला लावून टाकलं.